मे महिन्यात यलोस्टोन: लांडगे दिसतात का? दिसतात, पण ठिपक्याएवढे

खारूताई

दोन वर्षांपूर्वी इथेच कुणाच्या तरी प्रतिसादात वाचलं होतं की प्राणी बघायला अमेरिकेत वायोमिंगमधल्या यलोस्टोन नॅशनल पार्कला जायचं तर जुलैत जाऊ नका, मे महिन्यात जा. ते डोक्यात राहिलं होतं. या वर्षी आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले, नवऱ्याला कशीबशी आठवड्याची सुट्टी मिळाली आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं मोंटानातल्या बोझमनला उतरलो. तिथून भाड्याच्या गाडीने तास-दीड तासात गार्डिनर, म्हणजे पार्कचं उत्तरेकडचं दार.

गीझर, गरम पाण्याची कुंडं याबद्दल इथे भरपूर लिहिलं गेलंय, ते मी परत लिहीत नाही. हा धागा फक्त अस्वलं आणि लांडग्यांबद्दल.

पहिल्या दिवशी पहाटे चारला उठलो. आई म्हणाली, "काकड आरतीलाही एवढ्या लवकर उठले नाही कधी." बाहेर शून्याखाली तापमान, काचेवर बर्फ. अंधारात पार्कमधल्या मॅमथवरून टॉवरकडे आणि पुढे स्लू क्रीकला पोचेपर्यंत झुंजूमुंजू झालं होतं. रस्त्याकडेला गाड्या आणि उतारावर पंधरा-वीस माणसं, प्रत्येकासमोर तिकाटण्यावर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण. कुणी बोलत नव्हतं. नवरा कुजबुजला, "कुणी गेलंय का?" खरंच दहाव्याला नदीवर जमतात तशी शांतता होती.

आमच्याकडे ८x४२ ची एक दुर्बीण. तिच्यातून समोरच्या डोंगरउतारावर गवत, सेजब्रशची झुडपं, बर्फाचे पट्टे आणि दगड दिसले. सगळे दगड मला लांडगे वाटत होते. शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या, त्यांनी माझी तगमग बघितली आणि आपल्या स्कोपवरून बाजूला झाल्या. "या, बघा."

डोळा लावला. आधी फक्त स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग गोल स्थिर झालं आणि त्यात एक काळा लांडगा चालत होता. मैलभराहून जास्त अंतर असेल. पाठ सरळ, डोकं खाली, पाय लांब, घाई अजिबात नाही. झाडांच्या एका झुबक्यापाशी गेला, तिथून एक करडी मादी उठली, त्याचं तोंड चाटायला लागली आणि त्याने पोटातलं मांस तिच्यापुढे ओकून टाकलं. बाईंनी सांगितलं की तिथे बीळ आहे आणि पिल्लं अजून आतच आहेत. एप्रिलच्या मध्यानंतर जन्मतात, तीन-चार आठवडे बाहेर येत नाहीत. तोवर आईला डबा पोचवायचं काम बाकीच्या कळपाकडे. बाळंतिणीचा डबा! माझ्या आईला हे इतकं आवडलं की दिवसभर तिने दुसरा विषय काढला नाही.

दुसरा दिवस लामार खोऱ्यात. नदीकाठी मेलेला बायसन, म्हणजे इकडचा गवा. हिवाळ्यात खंगलेली जनावरं वसंतात मरतात, आणि झोपेतून उठलेल्या अस्वलांना आयतं ताट मिळतं. या ताटावर एक भलंथोरलं ग्रिझ्ली अक्षरशः आडवं पसरलं होतं. तीन लांडगे जरा लांब बसून. मधून एखादा पुढे जाऊन मागून शेपूट ओढल्यासारखं करायचा, अस्वल गुरकावून वळायचं, तोवर दुसरा एक लचका तोडून पळायचा. भोवती डोमकावळे आणि दोन कायोटी (कोल्ह्यासारखे). बाबा म्हणाले, "पहिली पंगत अस्वलाची, दुसरी लांडग्यांची, पत्रावळी उचलायला कावळे." चार तास उभे होतो. चार तास! घरी बाबांना बँकेच्या रांगेत दहा मिनिटं उभं राहायला सांगून बघा.

तिसऱ्या दिवशी टॉवरजवळ काळ्या अस्वलाची मादी, दोन पिल्लं. ती मात्र जवळून दिसली आणि म्हणूनच तिथे गाड्यांचा सावळागोंधळ होता. रेंजर बाई घसा बसेपर्यंत लोकांना मागे हटवत होत्या. पिल्लं झाडावर चढून फांदीवर लटकली. पिल्लांची आई खाली गवत खात होती, अगदी गाईसारखी.

आम्हाला पाच दिवसांत लांडगे तीनदा, ग्रिझ्ली सहा, काळी अस्वलं नऊ. एक सकाळ पूर्ण कोरडी, धुकं आणि बर्फवृष्टी. प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगते.

चहाबाज

मस्त लिहिलंय. फोटो कुठायत? फोटोशिवाय वृत्तांत म्हणजे रश्शाशिवाय मिसळ.

खारूताई

चहाबाज, फोटो आहेत, पण बघून तुम्ही म्हणाल हे तीळ कुणी सांडले. शीर्षक उगाच नाही दिलं. फोन स्कोपच्या भिंगाला धरून काढलेल्या एका व्हिडिओत लांडगा ओळखू येतो, तोही मी बोट दाखवलं तर. पुढच्या वेळी फोन स्कोपला बसवायचा अडॅप्टर घेणार.

मोंटानावासी

बारा वर्षं या भागात आहे, दर मेमध्ये जातो. जाणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो.

गार्डिनर ते कुक सिटी हा एकच रस्ता खाजगी गाड्यांना वर्षभर उघडा असतो आणि नशिबाने तोच लामारमधून जातो. बाकीचे रस्ते एप्रिलच्या तिसऱ्या शुक्रवारपासून टप्प्याटप्प्याने उघडतात. टॉवर ते कॅन्यन मधला डनरेव्हन घाट सर्वांत शेवटी, मेच्या अखेरीस. तोवर हेडन खोऱ्यात जायचं तर मॅमथ, नॉरिस असा मोठा वळसा. नकाशावर ते अंतर बोटभर दिसतं म्हणून लोक फसतात. २०२२ च्या जूनमधल्या पुरात गार्डिनर ते मॅमथचा मूळ रस्ता वाहून गेला, आता डोंगरावरून नवीन काढलाय, चढ आहे, जपून चालवा. लामारमध्ये पेट्रोल नाही, फोनला रेंज नाही. टाकी भरूनच निघायचं.

लांडगे शोधायची युक्ती: लांडगे शोधू नका, स्कोपवाली माणसं शोधा. यातले काही जण वर्षानुवर्षं रोज पहाटे येतात, वॉकी-टॉकीवर एकमेकांना कळवतात. पार्कच्या नोकरीतून निवृत्त झालेले रिक मॅकिंटायर तर एकही दिवस न चुकवता सलग सहा हजारांहून जास्त दिवस लांडगे बघायला गेले. त्या लोकांना नम्रपणे विचारलं तर स्कोप देतात. फक्त गाडीचं दार धाडकन लावू नका आणि स्कोपला हात लावून दिशा हलवू नका. ते महापाप समजतात.

खारूताईंनी स्लू क्रीकला पाहिला तो बहुधा जंक्शन ब्यूट कळप. त्यांची बिळं त्याच भागात असतात. त्या कळपात ९०७ एफ नावाची मादी होती, एका डोळ्याने अधू. इथला लांडगा साधारण चार-पाच वर्षं जगतो, ही अकरा वर्षं जगली आणि दहा वेळा व्याली. डिसेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या कळपाशी झालेल्या मारामारीत गेली. मी तिला बऱ्याच वेळा पाहिलं होतं. बातमी वाचली त्या दिवशी ऑफिसात काही सुचलं नाही, हे लिहायला जरा लाजच वाटते.

बंड्या_नानांचा

लाज कसली! आमच्याकडे बैल गेला तर तेरा दिवस घरात गोडधोड होत नाही.

पण मला एक कळलं नाही. हे लांडगे बाहेरून आणून सोडलेले ना? मग "वन्य" कसे?

मोंटानावासी

लांडगे इथलेच, पण माणसाने संपवले. पार्क झालं १८७२ साली, आणि त्यानंतर पार्कच्याच लोकांनी बंदुका, सापळे, विष वापरून त्यांचा नायनाट केला. १९२६ च्या सुमारास शेवटचे मारले. "वाईट प्राणी कमी केले की चांगले प्राणी वाढतील" असा तेव्हाचा शहाणा विचार. एल्क (इथलं मोठं हरीण) एवढे वाढले की कोवळी झाडं उरेनात, मग पार्कवाले एल्क मारायला लागले.

जानेवारी १९९५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टातून १४ लांडगे आणले. गार्डिनरच्या दगडी कमानीखालून ट्रक गेला तेव्हा शाळेची पोरं रांगेत उभी होती. दोनेक महिने मोठ्या कुंपणात ठेवून मग सोडले. १९९६ ला ब्रिटिश कोलंबियातून १७. मुख्यतः या ३१ जणांतून आजचे लांडगे, पार्कच्या आत साधारण शंभराच्या आगेमागे. म्हणजे आज दिसणारे जवळजवळ सगळे इथेच जन्मलेले.

पहिल्या वर्षीची ९ नंबरची मादी माझी आवडती. तिचा जोडीदार पार्कबाहेर कुणीतरी गोळी घालून मारला, आणि तिने रेड लॉज गावाजवळ उघड्यावर, झाडाखाली आठ पिल्लं घातली. पार्कच्या लोकांनी माय-लेकरांना उचलून परत कुंपणात आणलं. आजच्या बऱ्याच लांडग्यांत तिचं रक्त आहे.

शंकासुर

नंतर "लांडगे आले आणि नद्यांनी वाट बदलली" तो व्हिडिओ मला दर सहा महिन्यांनी फॅमिली ग्रुपवर येतो. त्यात तथ्य किती?

सूक्ष्मदर्शी

शंकासुर, मी पर्यावरणशास्त्र शिकवते, तर जरा सविस्तर.

लांडगे आल्यावर उत्तरेकडचे एल्क कमी झाले हे खरं. १९९० च्या दशकाच्या मध्यात १९ हजारांच्या घरात होते, २०१३ ला चार हजारांच्या आसपास. पण त्याच काळात ग्रिझ्ली वाढली (ती वसंतात एल्कची नवजात पाडसं मटकावतात), प्यूमा वाढले, पार्कबाहेर एल्कची शिकार चालू होती, दुष्काळही पडला. काही ठिकाणी विलो आणि अ‍ॅस्पेन ही एल्कच्या खाण्यातली झाडं परत उंच झाली. काही ठिकाणी नाहीच झाली, कारण मधल्या सत्तर वर्षांत बीव्हर गेले, त्यांचे बांध गेले, ओढे खोल कापले गेले आणि पाण्याची पातळी खाली गेली. तिथे नुसता लांडगा आणून विलो वाढत नाही. यावर संशोधकांत अजून जोरदार वाद चालतो. नद्या बिद्या म्हणजे फारच ताणलेली गोष्ट. लांडगा महत्त्वाचा आहेच, त्याला जादूगार करायची गरज नाही.

गंमत म्हणजे निम्म्याच्या आसपास यलोस्टोनचे लांडगे काळे असतात आणि हा काळा रंग फार पूर्वी कधीतरी पाळीव कुत्र्यांशी झालेल्या संकरातून आलाय.

माळावरचा

वाचतोय. छान आहे सगळं. पण मी सोलापूरचा, म्हणून थोडं खटकलं ते लिहितो. आमच्या नान्नजच्या माळरानावर लांडगा आहे. तुमच्याकडचा चाळीस-पन्नास किलोचा, आमचा विशीच्या आसपास, हडकुळा, उन्हात वाळलेल्या गवताच्या रंगाचा. जनुकांवरून पाहिलं तर जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक. भारतभर मिळून तीनेक हजार उरलेत. त्याला पार्क नाही, रेंजर नाही, स्कोप लावून बसणारे निवृत्त लोक नाहीत. धनगराच्या मेंढरामागे फिरतो, उसाच्या फडात पिल्लं घालतो, आणि माळ म्हणजे "पडीक जमीन" म्हणून तिथे उद्योग वसाहत येते. इथले किती जण सातासमुद्रापार जाऊन लांडगा बघून आले आणि पुण्यापासून दोन तासांवरचा बघितला नाही?

खारूताई

माळावरचा, बरोबर बोललात. मी पुण्यातच वाढले आणि लांडगा पहिल्यांदा पाहिला तो वायोमिंगमध्ये. बाबांनी मात्र लहानपणी फलटणकडे पाहिलेत. परवा स्कोपवर डोळा ठेवून म्हणाले, "आमच्या वेळी हा दिसला की पोरं दगड घेऊन धावायची." मग बराच वेळ गप्प होते.

दिगंतर

इंदापूरजवळ कडबनवाडीला आणि बारामतीकडे शिर्सुफळला वन खात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केलीय. दिवाळीनंतर जा. चिंकारा हमखास, लांडगा नशिबात असेल तर.

आणि मोंटानावासींनी लिहिलं नाही ते मी लिहितो. पार्कची हद्द लांडग्याला वाचता येत नाही. बाहेर पाऊल टाकलं की तो शिकारीचा प्राणी. २०२१-२२ च्या हिवाळ्यात यलोस्टोनचे २५ लांडगे असे हद्दीबाहेर मारले गेले. "ओ-सिक्स" म्हणून जगप्रसिद्ध मादी होती, ती २०१२ च्या डिसेंबरात अशीच गेली. कायदेशीर परवान्याने. तेव्हा तिकडे सगळं आलबेल आहे असंही नाही.

मोंटानावासी

दिगंतर, खरंय. फक्त एवढंच म्हणेन की माझे शेजारी रँचवाले आहेत. त्यांचं वासरू गेलं की त्यांना आकडेवारी सांगून उपयोग नसतो. नान्नजच्या धनगराला विचारा, तोही हेच सांगेल.

माळावरचा

धनगर उलट शांत असतो हो. "त्याचा वाटा तो नेणारच" म्हणणारे म्हातारे अजून आहेत. पोरांची पिढी वेगळी.

अण्णा_सत्तरीतले

आम्ही दोघं (७१ आणि ६८) मुलाकडे ह्यूस्टनला आलो आहोत. मुलगा म्हणतो मेच्या शेवटी नेतो. हिला गुडघ्याचा त्रास. झेपेल का? आणि अस्वलं अंगावर येत नाहीत ना?

खारूताई

अण्णा, निश्चिंत या. हे बघणं नव्वद टक्के रस्त्याच्या कडेनेच होतं, ट्रेक नाही. घडीची खुर्ची न्या. काकूंना थर्मलचा जोड, कानटोपी, हातमोजे, आणि पायात दोन मोजे. मेच्या शेवटीही बर्फ पडू शकतो, आणि दुपारी ऊन चटचट लागतं. लामार दोन हजार मीटरवर आहे, पहिल्या दिवशी जरा दम लागेल, पाणी पीत राहा. स्वच्छतागृहं आहेत पण लांब लांब, दिसलं की जाऊन यायचं, "पुढे बघू" म्हणायचं नाही. आईचा अनुभव!

खायचं गाडीत बसून. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. चहाचा थर्मास हवाच. पण बाकावर काही ठेवून पाच पावलंही लांब जायचं नाही. माणसाचं खाणं चाखलेलं अस्वल सोकावतं आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं.

लांडगे, अस्वलं आणि प्यूमा यांच्यापासून १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर. बाकी प्राण्यांपासून २५ यार्ड, २३ मीटर. हा नियम आहे, सल्ला नाही.

चहाबाज

बायसनपासूनही? आम्ही २०१९ ला गेलो तेव्हा एकदम जवळ जाऊन सेल्फी काढला होता. गरीब वाटला.

मोंटानावासी

चहाबाज, तुमचं नशीब थोर. पार्कमध्ये सर्वांत जास्त माणसांना जखमी करतो तो बायसनच, अस्वल नाही. टनभर वजन आणि माणसाच्या तिप्पट वेगाने पळतो. वसंतात तर तांबूस वासरं असतात सोबत. गरीब वगैरे काही नाही.

चहाबाज

बरं बाबा. फोटो डिलीट करतो (नाही करणार).

गूळपोळी

ग्रिझ्ली आणि काळं अस्वल लांबून ओळखायचं कसं? रंगावरून?

सूक्ष्मदर्शी

रंगावर जाऊ नका, तिथेच सगळे आपटतात. काळं अस्वल तपकिरी, दालचिनीच्या रंगाचंसुद्धा असतं. खांदा बघा. ग्रिझ्लीच्या खांद्यावर मांसल उंचवटा असतो, खणण्याच्या कामाचे स्नायू ते. वसंतात ती मुळं आणि उंदरांसारख्या गोफरांनी साठवलेले कंद उकरत असतात. शिवाय ग्रिझ्लीचा चेहरा मध्ये खोलगट, कान आखूड. काळ्याचं नाक कपाळापासून सरळ उतरतं आणि कान उठून दिसतात.

बाहेर यायचा क्रमही ठरलेला. ग्रिझ्लीचे नर मार्चमध्ये उठतात, पिल्लंवाल्या माद्या एप्रिल ते मेच्या सुरुवातीला. गुहेत असताना खाणं नाही, पिणं नाही, शी-शू नाही, आणि त्याच उपासात मादी जानेवारी-फेब्रुवारीत बाळंत होते. पिल्लू अर्ध्या किलोचंही नसतं.

खारूताई

हो! टॉवरला एक तपकिरी दिसलं तर बाबा ओरडले, "ग्रिझ्ली!" रेंजर बाई हसून म्हणाल्या, काळं आहे. बाबांनी मराठीत पुटपुटून घेतलं, "काळं म्हणे, डोळे तपासा बाईंचे."

बंड्या_नानांचा

त्या अस्वलाच्या स्प्रेबद्दल सांगा की. खरंच लागतो?

खारूताई

पायवाटेवर जाणार असाल तर लागतोच. विमानात नेता येत नाही, ना केबिनमध्ये ना बॅगेत. आमचा जाताना न वापरलेला तसाच हॉटेलवर ठेवून आलो. आत आहे मिरचीचंच तिखट, दाबाने भरलेलं. अस्वल अंगावर येत असेल तर साधारण तीस ते साठ फुटांवर आल्यावर त्याच्या समोर ढग करायचा. डासाच्या स्प्रेसारखा स्वतःच्या अंगावर मारायचा नाही. हसू नका, लोकांनी हे केलंय.

वसंतात काही भाग अस्वलांसाठी माणसांना पूर्ण बंद ठेवतात. पाटी दिसली की तिथून मागे फिरायचं.

शंकासुर

पूर्वी पार्कवालेच अस्वलांना हॉटेलचं उष्टं घालायचे ना? प्रेक्षकांना बसायला बाकं वगैरे?

सूक्ष्मदर्शी

हो, १९३० च्या दशकात तसे चक्क कार्यक्रम असत. रस्त्यावर गाडीच्या खिडकीतून पाव देणं तर १९६० च्या दशकापर्यंत चाललं. १९७० च्या आसपास कचऱ्याचे ढीग बंद केले, अस्वलं भुकेने गावात आली, बरीच मारली गेली. १९७५ ला ग्रिझ्लीला संरक्षण मिळालं. त्या वेळची जी अस्वलं लोकांना "जवळून" दिसायची, ती उकिरड्यावरची होती. आज मैलभरावरून ठिपका दिसतो, त्यामागे एवढं सगळं आहे.

अण्णा_सत्तरीतले

परवा परतलो, वृत्तांत देतो. पहिल्या दिवशी धुकं, काही नाही. मुलाची चिडचिड. दुसऱ्या दिवशी गार्डिनरमध्ये स्कोप भाड्याने घेतला, हा खर्च जरूर करावा. स्लू क्रीकला गर्दी होती. एका मुलीने हिला खुर्ची सरकवून दिली आणि तिच्या उंचीला स्कोप खाली करून दिला. तीन पिल्लं बिळाबाहेर, एकमेकांवर उड्या मारत होती. हिला दिसली. मला म्हणाल तर एक काळपट ठिपका दिसला, जरा हललासा वाटला. नंतर कुठूनतरी ओरडण्याचा लांबलचक सूर आला, त्यात आणखी दोन-तीन सूर मिसळले आणि सगळी रांग हातातलं काम सोडून ऐकत राहिली.

ही आता रोज विचारते, तुम्ही नक्की लांडगाच पाहिलात ना, की दगड? मी लांडगा सांगितलंय. इथे कुणी शंका काढू नये ही विनंती.

शंकासुर

माझ्याकडे बघून लिहिलंत का अण्णा?